कोरड्या वाफ्यातला गलांडा

गलांडा, म्हणजे गॅलार्डिया, आपल्याकडे हारातलं फूल. मुळात मात्र ते टेक्सास, ओक्लाहोमा आणि उत्तर मेक्सिकोच्या माळावरचं रानफूल. ओक्लाहोमाने १९८६ मध्ये त्याला राज्याचं रानफूल ठरवलं. सोलापूरकडच्या कोरड्या बागेत ते लावताना एक गोष्ट पक्की कळली: गलांडा तहानेने क्वचित मरतो, मुळाशी साचलेल्या पाण्याने हमखास मरतो.

आमची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. त्यात थोडी वाळू मिसळून भागत नाही. म्हणून वरूनच १५ सेंमी उंचीचा गादीवाफा केला, ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. निम्मी माती, निम्मा बारीक मुरूम आणि एकच पाटी चांगलं कुजलेलं शेणखत. युरिया अजिबात नाही. नत्र वाढलं की पाला माजतो, दांडे लोळतात आणि फुलं उशिरा येतात.

बी सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरल्यावर ट्रेमध्ये टाकलं. वर जेमतेम ३ मिमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कारण खोल गेलेलं बी उगवत नाही. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. याच काळात झारीने रोज पाणी घातलं तर रोपं मानेशी कुजून आडवी पडतात. ट्रे पाण्यात ठेवून खालूनच ओल द्यावी आणि वरचा थर सुकू द्यावा.

साधारण पाच आठवड्यांनी, पाच-सहा पानांवर, संध्याकाळी लावणी केली. ओळींत ४५ सेंमी, रोपांत ३० सेंमी. वाफ्यात तीस रोपं बसली. लावताना पाणी, तिसऱ्या दिवशी पाणी, मग तीन आठवडे दर पाच-सहा दिवसांनी. इथे काटकसर करू नये, मुळं याच वेळी खाली जातात. त्यानंतर हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, एप्रिलमध्ये आठवड्यातून एकदा पुरतं. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून पाणी सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती तशीच असतील तरच द्या.

रोप १५ सेंमीचं झालं की शेंडा खुडायचा, फांद्या फुटतात. जानेवारीत फुलं सुरू झाली. पुढचं खरं काम म्हणजे सुकलेली फुलं काढणं. पाकळ्या गळल्यावर उरलेलं गोल, काटेरी दिसणारं बोंड नवख्याला कळीच वाटतं. कळी चपटी आणि हिरवी असते. बोंड देठासकट, खालच्या पानापर्यंत कापायचं; नाहीतर झाड बी धरतं आणि फुलणं मंदावतं.

दवाच्या दिवसांत खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, आली. ती पानं काढली, पाणी फक्त बुडाशी दिलं. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला तर लिटरभर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल, त्यात थोडं साबणाचं पाणी.

बियाण्यासाठी एप्रिलमध्ये चार चांगली झाडं राखली. बोंड करडं होऊन बोटाने सहज सुटलं की काढायचं, सावलीत पाच-सहा दिवस वाळवायचं आणि कागदी पुडीत भरायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते, बुरशी धरते. दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या, फुलांच्या झाडाच्या बियांतून पुढे एकेरी आणि दुहेरी अशी मिसळ निघते, म्हणून पुडीवर झाड कोणतं होतं ते लिहून ठेवतो.