दोन नकाशांच्या वजाबाकीतली वाळू

कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६ मध्ये मुद्दाम पूर सोडण्यात आला, तेव्हा ग्रँड कॅन्यनमधील वाळूचे किनारे उंचावले. पण ती वाळू आली कुठून, हे पुरापूर्वी आणि पुरानंतर त्याच जागांची उंची मोजून, नंतरच्या नकाशातून आधीचा वजा केल्यामुळेच उमगले. बरीचशी वाळू नदीच्या तळातून नव्हे, तर किनाऱ्यांच्याच पाण्याखालील भागातून खरवडली गेली होती. म्हणूनच २००४ चा पूर, धरणाच्या खाली कोलोरॅडोला मिळणाऱ्या पारिया नदीने नवी वाळू आणल्यानंतर सोडला गेला.

या वजाबाकीत मला सर्वांत मोलाची वाटते ती चुकांची मोजदाद. प्रत्येक मोजणीत १० सेंटिमीटरची अनिश्चितता असेल आणि दोन्ही चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर फरकातील अनिश्चितता सुमारे १४ सेंटिमीटर होते. त्याहून लहान बदलाला भर किंवा झीज म्हणणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.