चिमीचा गोळा आणि टॉवेलवरचा लाल डाग

एप्रिल लागला की सोलापुरात दुपारी बारा ते पाच घराचं दार उघडायचं नाही. पारा ४२ वर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. बायको दवाखान्यात ड्यूटीवर, आई जेवून आडवी झालेली, आणि मी टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब घरी घेऊन बसलेला. राहिली चिमी. वय पावणेदोन वर्षं, आणि दुपारच्या झोपेशी उभं वैर.

तिला पाण्यात खेळवावं तर आमच्या नळाला रोज पाणी नाही, बॅरलमधलं मोजून वापरायचं. आम्ही लहानपणी काळ्या मातीचे बैल करायचो, पण ही बया हातात येईल ते आधी जिभेला लावून बघते. मोबाइलवर 'सेन्सरी प्ले', म्हणजे हातानं चाचपत खेळायचा खेळ, म्हणून एक व्हिडिओ दिसला. वाटीभर मैदा, अर्धी वाटी मीठ, पाणी, थोडं तेल. मळला. गोळा झकास झाला. चिमीनं चावा घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि परत चावा घेतला. खारट लागलं की थुंकेल असं मी धरून चाललो होतो. मी लेजरमध्ये एक पान संपवेपर्यंत तिनं लिंबाएवढा गोळा फस्त केला होता. संध्याकाळी दोनदा ओकली.

डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "अर्धी वाटी मीठ तुमच्या घरी किती दिवस पुरतं? हिशेबाचंच काम करता ना?" त्या मिठामुळे गोळा महिनाभर टिकतो, मोठ्या मुलांना खेळायला काही हरकत नाही. पण एवढ्या लहान मुलानं त्यातलं बरंच खाल्लं तर रक्तातलं सोडियम वाढून प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. आणि मैदा कच्चा. गहू शेतातून येतो, दळला म्हणून त्यातले जंतू मरत नाहीत. कच्ची कणीक चाखायची सवय मलाही होती, ती त्या दिवशी सुटली.

बायको काही बोलली नाही. आमच्या घरी हे जास्त वाईट असतं.

वाट दाखवली समोरच्या अक्कांनी. त्यांची मायबोली तेलुगू, मराठी स्वतःची. दारातूनच म्हणाल्या, "पोरीला कच्चं पीठ कशाला देतो? उकड काढ की!"

उकड! मोदकाची उकड चतुर्थीला मीच मळतो, हात भाजून घेत. डोक्यात आलं नव्हतं, बस.

तर आता आमच्याकडे ठरलेलं माप असं: दोन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी ज्वारीचं, तीन वाट्या पाणी, दोन चमचे तेल. पाण्याला खळखळून उकळी आली की तेल सोडायचं, मग पीठ घालून उलथण्याच्या दांड्यानं हलवायचं, झाकण ठेवून मंद गॅसवर चार-पाच मिनिटं वाफ काढायची. हाताला सोसेल इतकं झालं की परातीत घेऊन रगडायचं. गुठळ्या राहिल्या तर तेलाचा हात लावून तळव्यानं दाबत न्यायच्या. तांदूळ-ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नाही. उकळत्या पाण्यानं त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. जुन्या पिठाची विरी गेली की आई भाकरीला आधणाचं पाणी घेते, त्यामागचं कारणही हेच.

नुसत्या तांदळाचा गोळा लोण्यासारखा मऊ, पण फार लुसलुशीत, हाताला काही सांगत नाही. ज्वारी घातली की थोडी खरखर येते, दाबलं की कडा भाकरीसारख्या फाटतात. चिमीला त्या फाटलेल्या कडाच आवडतात. बोट घालून आणखी फाडते. कणकेचा गोळाही वाफवून करून पाहिला, तो रबरासारखा परत आत ओढला जातो. तिला राग येतो. शिवाय शेजारच्या एका पोराला गहू चालत नाही आणि तेही खेळायला येतं.

मीठ शून्य, साखर शून्य. हे मी मुद्दाम केलंय. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृतींत शेंगदाण्याचं बटर आणि मध असतो. शेंगाची चटणी तर आमच्या गावाच्या पाचवीलाच पुजलेली, मोह मलाही झाला. पण शेंगदाण्याची ॲलर्जी कुठल्या पोराला निघेल सांगता येत नाही, मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचा नाही, आणि मुख्य म्हणजे गोडधोड केलं की तो खेळ राहत नाही, खाऊ होतो. मला पोटात गेलं तरी घोर लागणार नाही असं पीठ हवंय. चविष्ट नकोय. बेचव असलं की ती एकदा चाटते, आणि कामाला लागते.

रंगांचं मात्र माझं मला बरं वाटतं, कारण रंग हा आमच्या धंद्याचा भाग. हळद पाण्यात घातली तर ठिपके ठिपके राहतात, तेलात घातली की सगळीकडे सारखी चढते. बिटाचा रस उकळीत घालू नका, रंग तपकिरी पडतो. गोळा कोमट झाल्यावर मळताना घाला. पालकाच्या गोळ्याला लिंबू नको, हिरवा मेंदीसारखा मळकट होतो. बाकीच्यांत चमचाभर लिंबू चालतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळे कच्चे रंग, हळद सोडून. ती पाठ सोडत नाही.

ते कळलं ते असं. कारखान्यातून आणलेला पांढरा टॉवेल, सॅम्पलचा, दुसऱ्या दिवशी पार्टीला दाखवायचा. चिमीनं दोन्ही पिवळे हात त्यावर नीट, सावकाश पुसले. आईनं घाईघाईत कपड्याचा साबण लावला आणि ओरडली, "अरे, रक्त आलं का काय पोरीला!" पिवळे पंजे कुंकवासारखे लालभडक झाले होते. मी हसत सुटलो. हळदीला सोडा किंवा साबण लागला की ती लाल होते, पूर्वी कुंकूही हळदीला चुना लावूनच करायचे. लिंबू पिळलं, परत पिवळा. आई म्हणाली, "काय खेळ करायलास रे?" आणि मग स्वतःच साबण लावून परत लाल करून बघितला. तीनदा. डाग शेवटी गच्चीवरच्या उन्हानं घालवला, दोन दिवस लागले. पार्टीला दुसरा टॉवेल दाखवला.

बिटाची एक सूचना देऊन ठेवतो. दुसऱ्या दिवशी लंगोट गुलाबी-लाल दिसला तर धावपळ करू नका, आदल्या दिवशी किती गोळा पोटात गेला ते आठवा. मी धावपळ केली होती. नर्सबाईंनी फोनवर मला एकच प्रश्न विचारला, "बीट?"

गोळा स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस. तेवढंच. बाहेर ठेवला तर या हवेत संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो, मग सरळ टाकायचा. फ्रिजमधून काढल्यावर कडक लागतो, कोमट पाण्याचा हात लावून मळला की परत वळणावर येतो. आणि शेजारी बसायचं. खाता येतं म्हणजे घशात अडकत नाही असं नाही, मोठा घास तोंडात कोंबला तर काढायला कोणी हवं. डोळे म्हणून हरभरे-वाटाणे लावायचा उद्योग तर मुळीच नको.

साचे विकत आणले नाहीत. शेवेचा सोऱ्या पुढे ठेवला. दट्ट्या मी दाबतो, खाली येणाऱ्या शेवया ती झेलते आणि मुठीत घेऊन परत गोळा करते. असं अर्धा तास चालतं, माझी तीन पानं होतात. पण खरी रमते ती परातीत. आजीसारखी मांडी घालून, तळहातानं थप थप थप. दोन रुपयाच्या नाण्याएवढी भाकरी. उलटी करायला जाते, ती तुटते, ती "आं" करून वर बघते, परत.

परवा असली एक भाकरी, अर्धी पिवळी अर्धी गुलाबी, बशीत घालून ती समोर अक्कांकडे घेऊन गेली. मागून मी. अक्कांनी बशी घेतली, खोटं खोटं चावायचं सोडून खरोखरच एक तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"उप्पु तक्कुव." मीठ कमी आहे.