आधी धान्य, मग अनुदान : बालसंगोपन योजनेचा माझा अनुभव

पालक गमावलेल्या मुलांसाठी दरमहा अनुदान देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरण्याआधी शिधापत्रिकेचा प्रश्न मार्गी लावावा, असे मी आता ओळखीच्या प्रत्येक एकल महिलेला सांगते. पतीच्या निधनानंतर पुण्यात अप्पर बिबवेवाडीतील भाड्याच्या खोलीत मी, नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा असे तिघेच उरलो, तेव्हा खासगी बालवाडीत मदतनीस म्हणून मिळणाऱ्या माझ्या तुटपुंज्या पगारात भाडे आणि किराणा यांपैकी एकच काहीतरी नीट भागत असे. मुलीने शाळा सोडून शेजारच्या काकूंबरोबर कामाला जावे का, हा विषयही घरात निघू लागला होता. अशा वेळी लक्ष रोख मदतीकडेच जाते; पण आमच्या बालवाडीच्या बाईंनी मला आधी धान्याचे बघायला सांगितले.

आमची नावे सासऱ्यांच्या गावाकडच्या केशरी शिधापत्रिकेवर होती. ती अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य कुटुंब गटात असल्यामुळे तिच्यावर माणशी दरमहा 5 किलो धान्य मंजूर होते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत मिळते. गावची नावे कमी करून पुण्यात नवी पत्रिका काढ, असाच सल्ला बहुतेकांनी दिला. गल्लीतल्या रेशन दुकानदारांनी मात्र मला इष्टांकाची भानगड समजावून सांगितली. अन्नसुरक्षेच्या लाभार्थ्यांची संख्या जिल्ह्याजिल्ह्याला ठरवून दिलेली असते, त्यामुळे नवी पत्रिका हातात पडली तरी इष्टांकात जागा असल्याखेरीज तिच्यावर धान्य सुरू होत नाही. शहरासाठी असलेली वार्षिक 59 हजार रुपयांच्या उत्पन्नाची मर्यादा मी ओलांडत नव्हते. तरीही पात्र असणे वेगळे आणि यादीत असणे वेगळे. तोवर गावच्याच पत्रिकेचा बारा अंकी क्रमांक सांगून, ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवून पुण्यात धान्य उचलता येते, हेही त्यांनीच सांगितले. सासऱ्यांशी फोनवर ठरवून आमच्या तिघांच्या वाट्याचे 15 किलो मी येथे घेऊ लागले आणि बाकीचे ते गावी घेत राहिले.

शिधापत्रिकांचे काम पाहणाऱ्या परिमंडळ कार्यालयात इष्टांकाची चौकशी करून, जागा असल्याची खात्री पटल्यावरच मी गावाहून नाव कमी केल्याचा दाखला मागवला. भाडेकरार नव्हता, पण घरमालकांनी संमतीपत्र आणि वीजबिलाची प्रत कुरकुर न करता दिली. (भाडेकरूंची कामे इथेच अडतात, म्हणून मुद्दाम लिहिते.) नव्या पत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून माझे नाव लागले, घरातील 18 वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीलाच कुटुंबप्रमुख मानावे, असे हा कायदा सांगतो.

पुण्याच्या पत्त्याची पत्रिका आल्यामुळे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळवणे सोपे गेले आणि मगच मी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात दिला. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांना संस्थेत न ठेवता घरीच वाढवता यावे, यासाठी ही योजना आहे, आणि 2023 मध्ये झालेल्या वाढीनंतर एका मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. पतीच्या मृत्यूचा दाखला, सर्वांची आधार कार्डे, दोन्ही मुलांची शाळेची बोनाफाईड प्रमाणपत्रे, बँकेच्या पासबुकाची प्रत अशी कागदपत्रे लागली. त्याशिवाय मुलांसह घरासमोर उभे राहून काढलेला फोटोही हवा होता. आमच्या बोळात घरासमोर म्हणून जागाच नाही. फोटो काढणाऱ्या मुलाला समोरच्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहावे लागले.

त्यानंतर गृहचौकशी झाली. आपली गरिबी किती, एवढेच पाहायला कोणी येईल असे मला वाटले होते. चौकशीला आलेल्या ताईंनी मात्र मी कामावर असताना मुलाजवळ कोण असते, तो शाळेतून आल्यावर काय खातो, मुलगी अभ्यासाला कुठे बसते, हेच बारकाईने विचारले. मुलगा महापालिकेच्या शाळेत दुपारी जेवतो आणि संध्याकाळी बहीण त्याच्याबरोबर असते, हे सांगताना, तिने शाळा सोडली असती तर या उत्तराचे काय झाले असते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पुढे बालकल्याण समितीसमोर मुलांना घेऊन हजर राहावे लागले. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांनी माझ्यापेक्षा मुलांशीच जास्त बोलणे केले आणि काही दिवसांनी अनुदान मंजूर झाल्याचा आदेश हाती आला.

अनुदान मात्र पगारासारखे ठरलेल्या तारखेला येईल असे धरू नये. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम जमा होते. दर महिन्याचे घर त्याच्या भरवशावर चालवले असते तर आम्ही पुन्हा उसनवारीवर आलो असतो. धान्य दरमहा येते, म्हणून पगारातून भाडे सुटते आणि अनुदानाची रक्कम दूध, अंडी, वह्या आणि मुलीच्या गणिताच्या शिकवणीसाठी राखता येते. मुलगी आता दहावीत आहे. योजनेचा लाभ 18 वर्षे पूर्ण होईपर्यंतच असल्यामुळे तिच्या वाट्याचे पैसे ऐन बारावीच्या सुमारास थांबतील. तेव्हाच्या प्रवेश शुल्कासाठी मी टपाल कार्यालयात तिच्या नावाने आवर्ती ठेव सुरू केली आहे.