कंट्रोल गटातील काळे ठिपके

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी मी ताण आणि सेरोटोनिन (मेंदूपेशींमध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन) तयार करणाऱ्या मेंदूपेशी हा विषय घेतला. या पेशी मध्यमेंदूतील डॉर्सल राफे नावाच्या चिमुकल्या भागात दाटीने असतात आणि त्यांचे तंतू जवळजवळ साऱ्या मेंदूभर पसरतात. विजेचा झटका थांबवणे ज्या उंदराच्या हाती असते त्याच्या या पेशी फारशा उत्तेजित होत नाहीत, पण तेवढाच झटका निरुपायाने सोसणाऱ्याच्या मात्र होतात, हे अमेरिकेतील स्टीव्हन मायर यांच्या गटाचे काम वाचल्यापासून हा विषय मला सोडवत नव्हता.

माझा प्रयोग त्या मानाने साधा होता. एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन सहा उंदरांना तासभर अरुंद नळीत ठेवले, सहांना तुलनेसाठी (हा कंट्रोल गट) पिंजऱ्यातच राहू दिले आणि नंतर भूल देऊन मेंदू काढले. पेशी उत्तेजित झाली की तिच्या केंद्रकात सी-फॉस हे प्रथिन दिसू लागते. ते काळे आणि सेरोटोनिनच्या पेशी तपकिरी रंगवायच्या होत्या. ४० मायक्रॉन जाडीचे काप बारीक ब्रशने उचलताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे.

स्लाइड पाहिल्या तेव्हा दोन्ही गटांत सारखेच काळे ठिपके होते. आठवडाभर मी रंगालाच दोष देत राहिले. शेवटी ॲनिमल हाउस सांभाळणारे काका म्हणाले, "मॅडम, तुमी रोज येगळ्या टायमाले येता, त्यायले सवय कशी होईन?" शिवाय नागपूरचा मे महिना, आणि २२ अंशांच्या खोलीतील एसी दुपारी बंद पडत असे. म्हणजे ज्यांना मी ताणमुक्त समजत होते तेही ताणातच होते. बारा जीव गेले आणि हाती काही आले नाही, याचे मला फार वाईट वाटले. जास्तीचे उंदीर मागताना कमिटीपुढे हे सारे लिहून दिले.

डिसेंबरात पुन्हा सुरुवात केली. दोन आठवडे रोज सकाळी ठीक नऊ वाजता प्रत्येक उंदराला हातात घेऊन नुसती दोन मिनिटे थांबत असे. पहिल्या दिवशी अंग चोरणारे उंदीर पुढे माझ्या बाहीत शिरू लागले. या वेळी कंट्रोलच्या कापांत काळे ठिपके तुरळक होते. नळीतील उंदरांच्या कापांत तपकिरी पेशीच्या मधोमध काळे केंद्रक ठळक दिसत होते, मात्र सगळ्याच पेशींत नाही. शेजारची तपकिरी पेशी कोरी राही. त्या कोऱ्या पेशी नेमक्या कोणत्या पट्ट्यात आहेत, हे मी सध्या मोजते आहे.