तुम्ही विचारलेत म्हणून : आमच्याकडे डॉक्टर टिकतात कसे?

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या भागात, आमच्या वैद्यकीय समूहाचे एक रुग्णालय आणि काही गावांत दवाखाने आहेत. मी त्याचा व्यवस्थापक आहे, डॉक्टर नाही. म्हणूनच बहुधा हा प्रश्न डॉक्टरांना न विचारता मला विचारला जातो : इतक्या आडबाजूला तुमच्याकडे डॉक्टर टिकतात कसे, मन लावून काम कसे करतात, आणि तुम्ही त्यांना पगार जास्त देता का?

पगाराचे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. पगार बरा असावा लागतो आणि तो ठरलेल्या तारखेला व्हावा लागतो. पण नागपुरातल्या खाजगी रुग्णालयांशी या बाबतीत आम्ही बरोबरी करू शकत नाही. ती करायला गेलो तर दवाखानेच बंद पडतील. माझ्या पाहण्यात तरुण डॉक्टर खेडे सोडतो तो पैशापेक्षा एका वेगळ्या कंटाळ्याने. रुग्ण येतो, तपासून औषध लिहून दिले जाते, रुग्ण जातो, आणि तो बरा झाला, दुसरीकडे गेला की दगावला, हे कळतच नाही. आपल्या उपचारांचे पुढे काय झाले याचा पत्ता नसलेला डॉक्टर वर्षभरात चिठ्ठ्या फाडणारा कारकून होऊन बसतो. मग त्याला शहरात जावेसे वाटले तर नवल नाही.

आम्ही जे काही केले ते या एका गोष्टीभोवतीच आहे : डॉक्टरला त्याच्या रुग्णाचे पुढे काय झाले ते कळले पाहिजे, आणि ते कळल्यावर काही बदलण्याचा अधिकारही त्याच्याकडे असला पाहिजे.

त्यातली सर्वांत साधी वस्तू म्हणजे लाकडी खोका. प्रत्येक दवाखान्यात रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांची कार्डे आठवड्यांच्या कप्प्यांत उभी लावलेली असतात. रुग्ण आला की सिस्टर त्याचे कार्ड काढते, रक्तदाब लिहिते, गोळ्या देते आणि पुढच्या तारखेच्या कप्प्यात कार्ड ठेवते. आठवडा संपल्यावर कप्प्यात जी कार्डे उरतात ती न आलेल्यांची. त्यासाठी वेगळी मोजदाद लागत नाही, संगणक लागत नाही, आणि वीज गेली तरी काम अडत नाही. उरलेली कार्डे गावांप्रमाणे लावून आशाताईंना निरोप जातो. 2017 मध्ये देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आपल्या विदर्भातले वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. सर्वांसाठी एकच सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरबरोबर परिचारिकेचाही वाटा आणि नोंदींचा पाठपुरावा, ही त्याची सूत्रे आम्ही तिथूनच उचलली.

उपचारपद्धती एक करणे मात्र खोका बनवण्याइतके सोपे गेले नाही. प्रत्येक डॉक्टरची आवडती कंपनी वेगळी होती. त्यामुळे डॉक्टर बदलला की गोळीचा रंग बदलायचा आणि रुग्णाला वाटायचे की आपला आजारच बदलला. मी वरून फतवा काढला असता तर तो कुणी पाळला नसता. डॉक्टरांनी आपसांत बसून, बऱ्यापैकी भांडून, पायऱ्या ठरवल्या : सुरुवात अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या 5 मिलिग्रॅमच्या गोळीने, पुढच्या भेटीत रक्तदाब 140/90 च्या खाली आला नसेल तर वरची पायरी. एखाद्या रुग्णासाठी ही वाट सोडायची असेल तर डॉक्टरने जरूर सोडावी, फक्त कार्डावर एका ओळीत कारण लिहावे. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या सवलतीमुळेच ज्येष्ठ डॉक्टर तयार झाले, आणि प्रत्यक्षात तिचा वापर फार थोडा होतो.

उरलेल्या कार्डांनी आम्हाला बरेच काही शिकवले. काही गावांचे रुग्ण येत नव्हते, कारण डॉक्टरांचा दिवस आणि आठवडी बाजाराचा दिवस जुळत नव्हता, आणि दवाखान्यासाठी वेगळी मजुरी बुडवणे त्यांना परवडत नव्हते. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तर कप्पेच्या कप्पे भरून राहत. वाघाच्या भीतीने जंगलालगतच्या गावांचे लोक दिवस मावळायच्या आत घरी पोचायला बघतात, म्हणून संध्याकाळची ओपीडी रिकामी जाई. आमच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी स्वतःहून सुचवले की ज्यांचा रक्तदाब स्थिर आहे त्यांना रोवणीआधी दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात आणि संध्याकाळची वेळ सकाळी न्यावी. तसे केले. अजूनही एखादी आजी म्हणतेच, “बरं वाटते तं गोळी कायले खायाची?” पण आता या प्रश्नाला उत्तर द्यायला सिस्टरकडे वेळ असतो, कारण स्थिर रुग्णांना तीच गोळी पुन्हा देण्यासाठी डॉक्टरच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

शनिवारी दुपारी बैठक असते. त्यात किती रुग्ण तपासले याचा आकडा मी मांडत नाही. चार-पाच कार्डे टेबलावर ठेवतो. चूक कोणाची हे विचारायचे नाही, उपचाराची साखळी कुठे तुटली ते शोधायचे, असा शिरस्ता आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एक मुलगा हातापायांच्या असह्य वेदनांनी वारंवार भरती होत असे. रात्रपाळीतल्या काहींना तो इंजेक्शनसाठी येतो अशी शंकाही आली होती, आणि या आजाराच्या रुग्णांवर असा अन्याय सर्रास होतो. बैठकीत कार्ड उलगडल्यावर दिसले की त्याचे हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे वेदनांचे झटके कमी करणारे रोजचे औषध, दर वेळी मधेच बंद पडत होते. या औषधावर असताना रक्ताची तपासणी अधूनमधून करावीच लागते, ती तालुक्याला होई, आणि त्या दिवशी बापाची मजुरी बुडे. आता त्याचे रक्त गावातल्या दवाखान्यात घेतले जाते आणि औषधे घेऊन येणारी गाडी परत जाताना नमुना नेते. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि 2047 चे उद्दिष्ट ठेवले, हे योग्यच आहे, पण ते उद्दिष्ट शेवटी अशा नमुन्याच्या गाडीवर अवलंबून राहणार आहे. ही सोय ज्या डॉक्टरने लावून घेतली तो आता शनिवारी स्वतःच कार्डे काढून आणतो.

रात्रीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही, माणूस पोट दुखते म्हणून येतो आणि तासा-दोन तासांत त्याच्या पापण्या मिटू लागतात. समोर एकटा एमबीबीएस झालेला मुलगा असतो. प्रतिविष कपाटात असते, पण निर्णय त्याला एकट्याने घ्यायचा असतो. त्या वेळी दुसऱ्या रिंगला फोन उचलणारा वरिष्ठ डॉक्टर हवा. त्या रात्रीच्या फोनवर राहण्यासाठी आम्ही वरिष्ठांना वेगळे मानधन देतो. उलट, तपासलेल्या रुग्णांच्या संख्येवर मिळणारा वाटा आम्ही बंद केला, कारण त्याने सलाईनच्या बाटल्या वाढतात, प्रकृती सुधारत नाही. यावरून एक ज्येष्ठ डॉक्टर सोडून गेले. जो जास्त राबतो त्याला जास्त मिळावे, हे त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते.

डॉक्टरांबद्दलच इतके बोलतो आहे, पण शेजारच्या गडचिरोलीचा दाखला विसरून चालणार नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या नव्या डॉक्टरला पहिल्या आठवड्यात आम्ही ओपीडीत बसवत नाही, आशाताईबरोबर बाळंतिणीच्या घरी पाठवतो. काहींना ते कमीपणाचे वाटते, आणि त्यांची आमच्याकडची मुदत सहसा लवकरच संपते.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. आम्ही मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाबरोबर तिथून उलट चिठ्ठी येत नाही. आमच्या संदर्भपत्राच्या खालच्या अर्ध्या भागात निदान, दिलेले उपचार आणि पुढची तारीख यांसाठी रिकाम्या जागा छापून पाहिल्या, त्या तशाच कोऱ्या परत येतात. तूर्त एका सिस्टरकडे हेच काम दिले आहे. ती नातेवाइकांना फोन करते, घरी आल्यावर सुट्टीच्या कागदाचा फोटो मागवते आणि पाठवणाऱ्या डॉक्टरला दाखवते. तुमच्याकडे यावर याहून बरा मार्ग निघाला असेल तर मला जरूर कळवा.