हजार दिवस हुकले, आता काय उपयोग?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस हुकले, की गरीब देशांतल्या मुलांवर पुढे खर्च करून काय उपयोग?' निधी देणारे हे विचारतात, नातेवाईकही विचारतात, आणि उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं.

तो काळ मोलाचा आहेच. गरोदरपणात आयोडीनची मोठी तूट राहिली तर मेंदूचं झालेलं नुकसान नंतर भरून येत नाही. हे मी कधी नाकारलेलं नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका.

पण एका पालकसभेतलं ऐका. प्रशिक्षकाने भिंतीवर मेंदूची दोन चित्रं लावली: एक भरलेलं, एक आक्रसलेलं. तुम्हीही पाहिली असतील. आक्रसलेलं चित्र टोकाच्या हेळसांडीत वाढलेल्या मुलाचं, नुसत्या गरिबीत वाढलेल्याचं नव्हे. ते कुणी सांगितलं नाही. पुढे बसलेल्या एका आईने मांडीवरच्या चार वर्षांच्या मुलाचं डोकं चाचपलं, माप घेतल्यासारखं. मग विचारलं, "म्हणजे याचं झालं ते झालं?" उत्तर मिळालं, "पुढच्या बाळाच्या वेळी काळजी घ्या." ती उठून गेली नाही. मुलगा तिची हनुवटी ओढून काहीतरी दाखवत होता आणि ती बघेना. मेंदूच्या वाढीवरची सभा होती ती!

जमैकात १९८६-८७मध्ये ९ ते २४ महिन्यांच्या, वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी कार्यकर्त्या दर आठवड्याला जाऊ लागल्या, आयांना मुलांशी खेळायला, बोलायला शिकवू लागल्या. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, वाढ खुंटलेल्याच पण अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. सुरुवात हजार दिवसांतच झाली म्हणाल, तर कबूल. पण भेटी थांबल्या तेव्हा मुलं तीन-चार वर्षांची होत आली होती. मग श्रेय कुठल्या दिवसांना द्यायचं?

पूर्वी मीच म्हणायचे, भीती घातल्याशिवाय पैसा सुटत नाही, हजार दिवसांची घोषणा कडकच हवी. ते आजही पुरतं खोडता येत नाही. त्या घोषणेवर गरोदर बायकांसाठी पैसा उभा राहताना मी पाहिलाय. तरी पुढच्या सभेत ते चित्र लावणार असाल, तर चार वर्षांच्या मुलांच्या आयांना काय सांगायचं ते आधी ठरवून या. मला अजून ठरवता आलेलं नाही.