परळला उजवीकडे

पहाटे साडेतीनला उठून मी आत्याच्या खोलीत नाचणीची पेज ढवळत होते. 6 जुलै 2025, आषाढी एकादशी. खोली लालबागची, दहा बाय बाराची, आता तिथे माझा आतेभाऊ राहतो. स्टोव्हच्या जागी गॅस आलाय. भिंतीवर विठोबा आणि त्याच्या शेजारी गाडगेबाबांचा फोटो, दोन्ही तिनं लावले होते तसेच. आत्या पौषात गेली, 84 वर्षांची होऊन. तिच्यामागची ही पहिली आषाढी.

पेज झाली आणि माझा हात डावावरच थांबला. मीठ कोण बघणार? यंदा मी आयुष्यात पहिल्यांदा कडक उपास धरला होता.

लहानपणी ते काम माझं होतं. एकादशीला आत्या टाटा हॉस्पिटलातल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी मऊ भात, मुगाचं वरण आणि पेज करायची, पण स्वतः उपाशी असल्यामुळे चव घेऊ शकायची नाही. मग मला झोपेतून उठवून तळहातावर दोन थेंब टेकवायची. "मीठ बघ गं. लई झालं तर त्यांच्या तोंडाला झोंबंल." मी डोळे न उघडताच सांगायची, बरोबर आहे, नाहीतर चिमूटभर घाल. एकादशीला घरात भात शिजतो म्हणून चाळीतल्या एका आजींनी तिला एकदा टोकलं होतं. आत्या म्हणाली, "ज्याचं तोंड आतनं सोललंय त्याला कसली वो एकादशी?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

तिचं माहेर तरडगावचं. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला निघते आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, ते तिनं वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. तेवढीच तिची पंढरीची वाट. 1957 साली लग्न होऊन ती लालबागला आली आणि पुढे आषाढात तिला कधी पंधरा-वीस दिवस मोकळे मिळालेच नाहीत. दरवर्षी म्हणायची, पुढल्या साली.

तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, कापड गिरणीत साचेखात्यात, मागावर, ती सूत गुंडाळायच्या वाइंडिंगला. दिवसभर कांड्या, तुटलेला धागा पकडायचा आणि गाठ मारायची. तिच्या उजव्या तर्जनीच्या पेराला कायमची चीर पडली होती. गिरणीतली पाळी संपली की घरी खानावळ, आठ-दहा मेंबर, सगळे गावाकडचे, गाळ्यात राहणारे गिरणी कामगार. किराण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि व्याज फेडण्यात महिना सरायचा. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या वहीतून ज्यांची नावं कायमची सुटली, त्यांत आत्याही होती. बँकेच्या कर्जाच्या कागदावर केलेली पहिली सही ती शेवटपर्यंत अभिमानानं सांगायची.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तिचे मेंबर एकेक करून गावी गेले. काहींची तीन-तीन महिन्यांची बाकी राहिली, ती तिनं मागितली नाही. "त्यांच्या घरची चूल इझली, मी काय मागू?" मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत, चार वर्षांत गेले. ती मात्र पोळ्या लाटत राहिली. दोन्ही मुलं शिकली ती त्या पोळ्यांवर, आणि माझी एका वर्षाची कॉलेजची फीसुद्धा.

टाटा हॉस्पिटलचं काम तिनं ठरवून सुरू केलं नव्हतं. 1991च्या सुमारास तरडगावचा एक माणूस बायकोला घेऊन आला. तिच्या घशाला किरणं द्यायची होती आणि दोघं परळच्या फूटपाथवर प्लास्टिक अंथरून झोपत होते. आत्यानं त्यांना घरी आणलं. सव्वा महिना राहिले. लालबाग म्हणजे मसाल्याचं गाव, डंकावर मिरच्या कुटल्या की अख्ख्या गल्लीला ठसका लागतो. त्या गल्लीत तीसेक वर्षं झणझणीत रस्सा करणारी बाई बिनतिखटाचा स्वयंपाक शिकली. किरणं आणि केमोनं तोंड येतं, तेव्हा अन्न कोमट हवं, गरम नको. पाणी उकळलेलं. कच्ची कोशिंबीर नाही. हे सगळं तिनं वॉर्डातल्या नर्सबाईंना विचारून पाठ केलं होतं. ती बाई बरी होऊन गेली. आत्यानं पेज थांबवली नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कुणाला जागा मिळेल का, कुठल्या खिडकीला कुठला कागद लागतो, हेही तिला ठाऊक झालं. अक्षर ओळखीपुरतं, पण लोकांच्या फायली छातीशी धरून रांगेत उभी राहायची.

आमच्या चाळीचं भजनी मंडळ दर आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात पायी दिंडी नेतं. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही, अशा मुंबईकरांचं ते प्रतिपंढरपूर. लालबागहून भारतमातावरून परळ, हिंदमाता, दादर टी.टी. आणि मग वडाळा, पाचेक किलोमीटर. आत्या डोक्यावर तुळस घेऊन निघायची, पण परळ टी.टी. आलं की तुळस कुणाच्या तरी हाती द्यायची आणि दोन किटल्या घेऊन उजवीकडे वळायची. दिंडी सरळ पुढे. ती मागून भोईवाडा, नायगाव करत फाइव्ह गार्डनपाशी दिंडीला गाठायची. इतक्या वर्षांत तिनं आख्खी दिंडी एकदाही चाललेली नाही. मी सोळा-सतरा वर्षांची असताना तिच्यावर रागावले होते, वर्षातला एक दिवस तरी देवाला दे म्हणून. ती गप्प बसली. ते माझं बोलणं मला अजून टोचतं.

यंदा सहाला निघालो. पाऊस बारीक होता. टाळ, पखवाज, ज्ञानबा-तुकारामचा गजर, पुढे शाळेतल्या पोरी डोईवर तुळस घेऊन. परळ टी.टी.ला मंडळातल्या काकांनी मला काही न विचारता पताका माझ्या हातातून घेतली. मी उजवीकडे वळले. मागे टाळांचा आवाज लांब जाताना मला रडू आलं, आणि किटल्या दोन्ही हातांत असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवर निळ्या ताडपत्र्या होत्या. तिथली माणसं दर काही आठवड्यांनी बदलतात, मला कुणी ओळखायचं कारण नव्हतं. पण चहाच्या टपरीवाल्यानं किटली पाहिली आणि विचारलं, "मावशी?" मी मान हलवली. तो स्टोव्ह बारीक करून उभा राहिला. मग त्यानंच सगळ्यांना हाक मारली, आपापली भांडी आणायला सांगितलं.

पंधरा-वीस जणांना पेज वाढली. परभणीकडची एक बाई नवऱ्याला चमच्यानं पाजत होती, त्याचा जबडा पट्टीत होता. पहिला घोट गेल्यावर त्यानं बोटांनी काही खुणावलं. ती संकोचून म्हणाली, "ताई, मीठ कमी हाय, असं म्हणतेत." मी पिशवीतली पुडी काढली. चिमूटभर घातलं, तिनं ढवळलं, त्याच्या ओठांना लावलं. त्यानं हात वर करून खूण केली, बरोबर. मग मी दोन्ही किटल्यांत त्याच अंदाजानं मीठ घातलं.

निघताना तिनं विचारलं, "उद्या बी येताल का?" मी हो म्हणून गेले.

नायगावात पाऊस वाढला. डोक्यात हिशेब चालू होता, उद्या सोमवार, डोंबिवलीला घर, साडेनऊला फोर्टात ऑफिस. फाइव्ह गार्डनपाशी दिंडी दिसली, काकांनी पताका परत दिली. वडाळा म्हणजे एकेकाळी मिठागरांचा गाव, आज तिथे रांग रस्त्यावर वळसे घेत होती. तीन तास लागले. गाभाऱ्यापुढे दोन सेकंद मिळाले, मी विठोबाकडे काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. रिकाम्या किटल्या एकमेकींवर आपटल्या तशी सेवेकरी मुलगी म्हणाली, चला माउली, पुढे चला.

परतताना लालबागच्या बाजारातून एक किलो नाचणीचं पीठ आणि अर्धा किलो मूगडाळ घेतली. आतेभावाला सांगितलं, आज रात्री इथेच झोपते, गजर साडेतीनचा लाव.